खालची दाढ गेली आहे : तीन दिवसांत दात की सहा महिने?

प्रश्न थोडक्यात असा. आई ५९ वर्षांच्या, घर सिंहगड रस्त्याला. खालची डावी पहिली मोठी दाढ दोन वर्षांपूर्वी काढली. शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. एका दवाखान्यात इम्प्लांटचा, म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर लावलेला, ‘तीन दिवसांत पक्का दात, २२ हजार’ असं सांगितलं. दुसरीकडे ‘पाच-सहा महिने लागतील, हाड वाढवायला हाडाची पावडर घालावी लागेल, सगळं मिळून ६५ हजारांपर्यंत जाईल’ असं सांगितलं. आईंचं म्हणणं, ब्रिज बसवा आणि मोकळं करा. कोणाचं ऐकायचं?

आधी आईंचं बघू, कारण त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. ब्रिज म्हणजे शेजारच्या दोन दातांवर टेकवलेल्या, एकमेकांना जोडलेल्या तीन कॅपा. त्यासाठी गेलेल्या दाढेच्या पुढची उपदाढ आणि मागची दुसरी दाढ चहूबाजूंनी एक ते दोन मिलिमीटर घासावी लागते. त्या दोन्हींची आधीच रूट कॅनाल होऊन त्यांवर कॅप असेल, तर ब्रिज हाच सरळ उपाय आहे. आठ-दहा दिवसांत काम होतं, शस्त्रक्रिया नाही, खर्चही कमी. पण दोन्ही दात धडधाकट असतील, तर एका दातासाठी दोन चांगल्या दातांचं आवरण कायमचं काढून टाकणं मला पटत नाही. ते परत येत नाही. शिवाय दोन खांबांवर तीन दातांचा भार येतो. त्यातला एक खालून किडला की अख्खा ब्रिज काढावा लागतो, आणि दोन दातांची जागा रिकामी होण्याची वेळ येते. एक कॅपचा आणि एक कोरा अशी स्थिती असेल, तर इम्प्लांटपुरतं हाड आहे का, यावर निर्णय सोडावा. तेव्हा दोन्ही डॉक्टरांना पहिला प्रश्न हा विचारा : शेजारचे दात कसे आहेत?

आता तीन दिवसांचं. असं सांगणारे डॉक्टर बहुधा बेसल किंवा कॉर्टिकल प्रकारच्या इम्प्लांटबद्दल बोलत असतात. हा एकसंध स्क्रू असतो. तो मधल्या मऊ हाडाऐवजी जबड्याच्या बाहेरच्या टणक थरात पकड घेतो. असे बरेच स्क्रू घालून ७२ तासांच्या आत त्यांना एका कडक ब्रिजने एकमेकांशी जोडून टाकतात, म्हणजे एकेकटा हलत नाही. तोंडातले बहुतेक दात गेलेत, हाड झिजलंय, कवळी टिकत नाही, अशा माणसासाठी या पद्धतीचा विचार होऊ शकतो. पण एका सुट्या दाढेत जोडणार कशाला? मुख्य आधारच तिथे नाही. आणि एकसंध असल्यामुळे पुढे काही बिघडलं तर वरचा भाग बदलता येत नाही, सगळंच काढावं लागतं. एकट्या खालच्या दाढेसाठी मी हा मार्ग सुचवणार नाही.

दुसरी शक्यता अशी की ते नेहमीचाच इम्प्लांट घालून लगेच वर तात्पुरता दात बसवणार आहेत. तेही करतात, पण स्क्रू बसवताना पकड निदान ३५ न्यूटन सेंटिमीटर (हे पिळाच्या जोराचं माप) मिळायला हवी आणि तो दात वरच्या दाताला अजिबात न लागणारा ठेवावा लागतो. पुढचा दात असेल तर दिसण्यासाठी ही धडपड समजू शकते. मागच्या दाढेत, जिथे हसतानाही कोणाला दिसत नाही तिथे, चावता न येणारा दात तीन दिवसांत मिळवून काय साधणार?

वेळ का लागतो ते समजलं की बाकीचे प्रश्न सोपे होतात. स्वीडनमधले ब्रोनेमार्क १९५२ च्या सुमारास सशांच्या हाडातला रक्तप्रवाह बघत होते. त्यासाठी हाडात बसवलेली टायटॅनियमची उपकरणं नंतर निघेनात, हाड त्यांना धरून बसलं होतं. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. आजचा सगळा व्यवहार त्याच गुणावर चालतो. मात्र ही पकड पहिल्या दिवशी नसते. पहिल्या दिवशी स्क्रू नुसत्या आट्यांच्या जोरावर उभा असतो. मग आट्यांनी दाबलं गेलेलं जुनं हाड विरघळायला लागतं आणि नवं हाड अजून कच्चं असतं. दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात इम्प्लांट सर्वांत सैल असतो, आणि नेमकी तेव्हाच सूज उतरलेली, दुखणं थांबलेलं, माणूस बाकरवडी खायला मोकळा! या काळात स्क्रू साधारण १०० ते १५० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जास्त हलत राहिला, तर भोवती हाडाऐवजी तंतूंचा पापुद्रा धरतो आणि तो कधीच पक्का होत नाही. खालच्या जबड्यात दोन ते तीन महिने आणि वरच्या, मऊ हाडाच्या जबड्यात तीन ते चार महिने थांबायचं, ते यासाठी. हाड वाढवायचं असेल तर आणखी महिने लागतात. दुसऱ्या डॉक्टरांचे पाच-सहा महिने इथून आले.

मग हाड खरंच कमी आहे का? याचं उत्तर मतावर नाही, मापावर असतं. दात काढल्यानंतर पहिल्या वर्षात हाडाची रुंदी बरेचदा निम्म्यापर्यंत कमी होते, त्यातली बरीचशी पहिल्या तीन महिन्यांतच. आईंची दाढ जाऊन दोन वर्षं झालीत. नुसत्या ओपीजीवर, म्हणजे संपूर्ण जबड्याच्या सपाट एक्सरेवर, काम उरकत असतील तर थांबवा. ओपीजीत उंची दिसते, तीही वीस-पंचवीस टक्क्यांनी फुगवून. रुंदी दिसतच नाही. सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन लागतो.

स्कॅन झाला की त्या जागेचा आडवा छेद पडद्यावर दाखवायला सांगा आणि डॉक्टरांबरोबर बसून बघा. वर हाडाचा कडा दिसेल. खाली पांढऱ्या कडेचं एक गोल काळं वर्तुळ दिसेल, ती नसेची नळी. खालचा ओठ आणि हनुवटी यांची संवेदना याच नसेतून येते. समजा कड्यापासून नळीपर्यंत १४ मिलिमीटर आहेत. नळीच्या वर २ मिलिमीटर सुरक्षित अंतर ठेवायचं, राहिले १२. ड्रिलवर जी खूण असते तिच्या पुढे ड्रिलचं टोक काही कंपन्यांच्या संचात जवळजवळ एक मिलिमीटर जास्त जातं, हे अनेकदा हिशेबातून निसटतं. म्हणून तिथे १० मिलिमीटर लांबीचा इम्प्लांट निवडायचा. ११.५ चा बसेलही, पण त्या दीड मिलिमीटरने फायदा फारसा होत नाही आणि झोप मात्र उडते.

आता रुंदी. मोठ्या दाढेखाली साधारण ४.५ मिलिमीटर व्यासाचा इम्प्लांट हवा आणि त्याच्या गालाकडे व जिभेकडे निदान दीड-दीड मिलिमीटर हाड उरायला हवं. म्हणजे किमान साडेसात. स्कॅनमध्ये आठ असेल तर पावडरीची गरज नाही, तसं स्पष्ट विचारा. साडेसहा-सात असेल तर दोन वाटा उरतात : बारीक, ३.५ चा इम्प्लांट घालायचा, नाहीतर हाड वाढवायचं. दाढेखाली बारीक इम्प्लांट घालून पैसे वाचतात, पण चावण्याच्या जोराने आतला स्क्रू ढिला होत राहतो, क्वचित इम्प्लांटच मोडतो. आणखी एक गोष्ट त्याच छेदात बघा. खालच्या जबड्याला जिभेच्या बाजूने आत खळगा असतो. काहींचा इतका खोल असतो की सरळ घातलेलं ड्रिल तिथून बाहेर पडेल. तिथली रक्तवाहिनी दुखावली तर जिभेखाली रक्त साठून श्वास अडण्यापर्यंत वेळ जाऊ शकते. असं फार क्वचित होतं, पण ओपीजीवर काम करणाऱ्याला ते आधी दिसणारच नाही.

पावडर घालायचीच झाली, तर ती कशाची आहे ते विचारा. बाजारातली बरीचशी हाडाची पावडर गाईच्या हाडांवर प्रक्रिया करून बनते, आणि वर झाकायचा पडदा बरेचदा डुकराच्या किंवा गाईच्या कोलॅजनचा असतो. वैद्यकीयदृष्ट्या त्यात वावगं नाही. पण पुण्यात शाकाहारी, सोवळं पाळणारी कितीतरी घरं आहेत. त्यांना हे नंतर पाकिटावर वाचून कळावं हे बरं नाही. पूर्ण कृत्रिम, कॅल्शियम फॉस्फेटची पावडर मिळते. लहान दोषासाठी ती चालते.

हाडाइतकंच महत्त्वाचं म्हणजे वरची दाढ. दोन वर्षं खाली जागा मोकळी राहिली की वरची दाढ हळूहळू खाली उतरते आणि मागची दाढ पुढे कलते. इम्प्लांट हाडात छान बसतो, आणि मग वर कॅप बसवायला उंचीच उरलेली नसते. हाडापासून समोरच्या दातापर्यंत सात-आठ मिलिमीटर तरी हवेत. कमी असेल तर वरची दाढ थोडी घासून घ्यावी लागते, फार उतरली असेल तर तिची रूट कॅनाल आणि कॅप करावी लागते. हे काम कोटेशनमध्ये धरलंय का, बघा. आधी दात कुठे आणि केवढा बसणार ते ठरवायचं, मग त्याच्याखाली स्क्रू कुठे जाईल ते. उलटा क्रम झाला की इम्प्लांट हाडात पक्का आणि तोंडात निरुपयोगी ठरतो.

शुगरबद्दल : उपाशीपोटीची एक दिवसाची शुगर दाखवू नका, एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी करा. सातच्या आत असेल तर उत्तम. सात ते आठच्या मध्ये असेल तर सावधपणे करता येतं. आठच्या वर असेल तर मी दोन-तीन महिने थांबून आधी शुगर आटोक्यात आणायला सांगेन. नुकसान काही नाही, दोन वर्षं थांबलात तसे तीन महिने.

औषधांची यादी मात्र पूर्ण सांगा. यात एक औषध हमखास राहून जातं : हाडं ठिसूळ झाल्याबद्दलची आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी, किंवा वर्षातून एकदा सलाइनमधून दिलेलं झोलेड्रोनिक ॲसिड, किंवा सहा महिन्यांनी पोटाच्या कातडीखाली टोचायचं डेनोसुमॅब. रोजचं नसल्यामुळे आईंना ते ‘औषध’ वाटतच नाही. या औषधांमुळे जबड्याच्या हाडाची जखम भरायला त्रास होऊ शकतो, क्वचित हाड उघडं पडून सडतं. ठिसूळपणासाठीच्या मात्रेत हा धोका कमी असतो, कॅन्सरसाठीच्या मोठ्या मात्रेत बराच जास्त. पण म्हणून आपल्या मनाने इंजेक्शन चुकवू नका. डेनोसुमॅब मध्येच थांबवलं तर मणक्याची हाडं मोडू शकतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचंही तेच. एका इम्प्लांटसाठी त्या बहुतेक वेळा बंद कराव्या लागत नाहीत, आणि करायच्या असल्या तर ते हृदयाचे डॉक्टर ठरवतील.

आणि मिश्री. हा प्रश्न मुलासमोर विचारला तर उत्तर ‘नाही’ येतं. एकटीला विचारला तर बरेचदा ‘सकाळी थोडी, दात घासण्यापुरती’ असं येतं. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. निकोटिनने हिरडीचा रक्तपुरवठा आकसतो आणि जखम भरण्याच्या काळात ती पूड थेट टाक्यांवर लागते. शस्त्रक्रियेआधी दोन आठवडे आणि नंतर निदान दोन महिने बंद. पुन्हा सुरू झालीच नाही तर फारच छान.

प्रत्यक्ष शस्त्रक्रियेला लोक उगाच घाबरतात. एका इम्प्लांटला जागेवर भूल देऊन अर्धा-पाऊण तास लागतो, दाढ काढण्यापेक्षा त्रास कमी होतो. दोन मिलिमीटरच्या ड्रिलने सुरुवात करून टप्प्याटप्प्याने भोक मोठं करतात, आणि सतत थंड सलाइनचं पाणी सोडतात. कारण हाड ४७ अंशांवर एक मिनिटभर तापलं तरी मरतं. खालच्या जबड्याचं हाड टणक, तिथे बोथट झालेलं ड्रिल जोराने दाबलं की हेच होतं. इम्प्लांट त्या दिवशी घट्ट बसल्यासारखा वाटतो आणि महिन्याभरात सुटा होऊन हातात येतो. स्क्रू ३० ते ४५ न्यूटन सेंटिमीटरपर्यंत घट्ट झाला की पुरे. याहून फार जास्त आवळणं ही फुशारकी आहे, त्याने हाड दबून मरतं.

त्या दिवशी बर्फ दहा मिनिटं लावा, दहा मिनिटं थांबा. जोरात थुंकू नका, चूळ दुसऱ्या दिवसापासून, हळू. पहिले दोन दिवस गार किंवा कोमट, मऊ : गुरगुट्या भात, वरण, ताक, कुस्करलेलं केळं. टाके सात ते दहा दिवसांनी काढतात. त्यानंतरही सहा आठवडे त्या बाजूने भाकरी, शेंगदाणे, चकली नको. म्हणून तारीख ठरवताना दिवाळी बघून ठरवा. पितृपक्षात लोक हात लावू देत नाहीत आणि नवरात्रात एकदम गर्दी करतात, मग फराळ नेमका त्या नाजूक आठवड्यांत येतो.

एक गोष्ट मात्र रात्रीचीही थांबवायची नाही. भूल उतरायला तीन-चार तास लागतात. दुसऱ्या दिवशी सकाळीही खालचा ओठ किंवा हनुवटी बधिर असेल, मुंग्या येत असतील, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. ‘टाके काढताना बघू’ हे उत्तर मान्य करू नका. नस दबली असेल तर पहिल्या दीड दिवसात स्कॅन करून इम्प्लांट काढला किंवा मागे घेतला, तर संवेदना परत येण्याची आशा चांगली असते. नंतर ती झपाट्याने कमी होते.

तीन महिन्यांनी वरचं काम. हिरडीला आकार देणारी टोपी, माप किंवा स्कॅनरने घेतलेली प्रतिमा, लॅबमध्ये कॅप. इथे आग्रह धरण्यासारखी एकच गोष्ट : शक्य असेल तर कॅप सिमेंटने चिकटवण्याऐवजी स्क्रूने बसवून घ्या. सिमेंटचा कण हिरडीखाली राहिला की तिथे वर्षानुवर्षं सूज राहते, एक्सरेतही तो नेहमी दिसतो असं नाही. स्क्रूची कॅप गरज पडली तर पाच मिनिटांत उतरवता येते. तिला वर बारीक भोक असतं, ते टेफ्लॉनची पट्टी आणि दाताच्या रंगाच्या मसाल्याने बुजवतात. स्क्रू कंपनीने सांगितलेल्या जोराने, बहुतेक ठिकाणी ३० ते ३५ न्यूटन सेंटिमीटर, आवळायचा, आणि दहा मिनिटांनी पुन्हा एकदा. पहिल्यांदा आवळल्यावर धातूचे पृष्ठभाग एकमेकांत बसतात आणि ताण थोडा उतरतो. दुसऱ्यांदा न आवळलेले स्क्रू पुढे ढिले होतात.

चावा जुळवणं हे सर्वांत दुर्लक्षित काम. नैसर्गिक दाताला मुळाभोवती धाग्यांची गादी असते, चावताना तो २५ ते १०० मायक्रॉन दबतो. इम्प्लांट ३ ते ५ मायक्रॉन. दोघांना सारखा स्पर्श ठेवला तर जोराने चावताना सगळा भार इम्प्लांटवर येतो. म्हणून हलक्या चाव्याला तो दात जेमतेम लागावा आणि आवळून चावल्यावरच बाकीच्यांबरोबर यावा. रात्री दात खाण्याची सवय असेल तर झोपताना घालायचा गार्ड करून घ्या.

बसवलेले इम्प्लांट दहा वर्षांनी शंभरात नव्वदहून जास्त टिकलेले असतात. जे जातात त्यांतले बरेच हिरडीच्या आजाराने. इम्प्लांटला कीड लागत नाही, पण त्याच्याभोवतीचं हाड झिजतं, आणि नस नसल्यामुळे दुखत नाही. रक्त येणं हीच पहिली खूण. हाड झिजण्याआधी लक्ष गेलं तर सफाईने सगळं पूर्ववत होतं, नंतर फक्त थोपवता येतं. दात बसल्या दिवशीचा एक्सरे जपून ठेवा, पुढच्या प्रत्येक वर्षी त्याच्याशी तुलना करायची. बाटली धुण्याच्या ब्रशसारखा बारीक इंटरडेंटल ब्रश दोन्ही बाजूंनी रोज रात्री फिरवायचा. बोटांत जोर नसेल तर पाण्याच्या धारेचं मशीन. चारेक वर्षांनी पुढच्या बाजूला अचानक अन्न अडकायला लागलं तर नवल नाही, नैसर्गिक दात आयुष्यभर थोडे पुढे सरकतात, इम्प्लांट सरकत नाही. कॅप काढून त्या बाजूला भर घालता येते. स्क्रूची कॅप इथे पुन्हा उपयोगी पडते.

पैशांचं. २२ आणि ६५ हजारांची तुलना करण्याआधी दोन्ही आकडे फोडून लिहून घ्या : स्कॅन, इम्प्लांटचा स्क्रू, हिरडीची टोपी, स्क्रू आणि कॅप यांच्या मधला जोड, कॅप आणि ती कशाची, पावडर, पडदा. कमी आकड्यात बरेचदा फक्त स्क्रू असतो. ‘आजीवन वॉरंटी’ ही बहुतेक कंपन्यांची स्क्रूपुरती असते, कॅप आणि डॉक्टरांची फी त्यात नसते. नेहमीच्या मेडिक्लेममध्ये अपघाताखेरीज दातांचा खर्च मिळत नाही. खर्च जड जात असेल तर डेंटल कॉलेज हा चांगला मार्ग आहे. तुमच्या जवळ वडगाव बुद्रुकचं सिंहगड, धनकवडीचं भारती विद्यापीठ, लांब जायची तयारी असेल तर कॅम्पातलं रंगूनवाला आणि पिंपरीचं डी. वाय. पाटील. पदव्युत्तर विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली करतात, फेऱ्या जास्त पडतात, घाई कमी असते.

कंपनीवरून फार डोकं शिणवू नका. स्वित्झर्लंडची स्ट्रॉमन, कोरियाची ऑस्टेम, इस्राएलची अल्फा बायो, चांगल्या हातात सगळ्या चालतात. पण इम्प्लांटच्या डबीवर दोन-तीन स्टिकर असतात, त्यावर कंपनी, व्यास, लांबी आणि लॉट नंबर असतो. त्यातला एक स्वतःकडे, फाइलमध्ये चिकटवून घ्या आणि फोटो काढून ठेवा. प्रत्येक कंपनीचा जोड आणि स्क्रूड्रायव्हर वेगळा असतो. उद्या आई मुलीकडे अमेरिकेला गेल्या आणि कॅप हलायला लागली, तर त्या बाजूने चावणं बंद करून तिथल्या डॉक्टरांना तो फोटो दाखवायचा. बहुतेक वेळा इम्प्लांट पक्काच असतो, फक्त आतला स्क्रू ढिला झालेला असतो. स्टिकर नसेल तर मात्र त्या डॉक्टरांना एक्सरेवरून कंपनी ओळखत बसावं लागतं.